डीटीएच, छत्री आणि सेटटॉप बॉक्स : नागपुरातील ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्याचे पैसे वेळेवर भरूनही टीव्हीवर चित्र येत नाही, तेव्हा बहुतेक घरांत पहिला संशय सेटटॉप बॉक्सवर घेतला जातो. प्रत्यक्षात बॉक्स हा या साखळीचा शेवटचा दुवा आहे आणि बिघाड बहुधा त्याच्या आधीच, म्हणजे गच्चीवर, वायरीत किंवा ग्राहकाच्या खात्यात झालेला असतो. सिग्नल घरापर्यंत पोहोचणे ही एक गोष्ट आणि तो पाहण्याची परवानगी मिळणे ही दुसरी. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर पुढील बहुतेक प्रश्न सोपे होतात.

केबल आणि डीटीएच यांत नेमका फरक कोणता?

केबलमध्ये उपग्रहाचा सिग्नल केबलचालक स्वतःच्या मोठ्या छत्र्यांवर घेतो आणि तेथून तारेने वस्तीभर पोहोचवतो. डीटीएचमध्ये, म्हणजे ‘डायरेक्ट टू होम’ सेवेत, मधला माणूस नसतो आणि उपग्रहाचा सिग्नल थेट ग्राहकाच्या गच्चीवरील लहान छत्रीवर उतरतो. भारत सरकारने डीटीएचसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००१ मध्ये जाहीर केली आणि २००३ मध्ये डिश टीव्हीने पहिली खासगी सेवा सुरू केली. केबलला सेटटॉप बॉक्स लागत नाही, हा समज मात्र आता कालबाह्य झाला आहे. केबलच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात देशातील ३८ शहरे होती, त्यांत नागपूरही होते आणि त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत ठरली होती. त्यानंतर केबलच्या घरातही बॉक्स आला.

उपग्रहापासून टीव्हीपर्यंत सिग्नल येतो कसा?

वाहिन्यांचे कार्यक्रम आधी डीटीएच कंपनीच्या भूकेंद्रावर गोळा होतात. तेथे ते डिजिटल स्वरूपात दाबून लहान केले जातात, कुलूपबंद केले जातात आणि एकत्र करून उपग्रहाकडे पाठवले जातात. हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. त्या उंचीवर त्याची एक प्रदक्षिणा पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतक्याच वेळात पूर्ण होते, त्यामुळे जमिनीवरून पाहिले असता तो आकाशात एकाच जागी खिळलेला असतो. छत्री एकदा नेमकी लावली की पुन्हा हलवावी लागत नाही, ती याच कारणाने. जमिनीवरून वर आणि वरून पुन्हा खाली येण्यातच सिग्नलचा सुमारे पाव सेकंद जातो, शिवाय दाबणे आणि उलगडणे यांतही वेळ लागतो. शेजारच्या घरात विकेट पडल्याचा आरडाओरडा आधी ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो, याचा उलगडा यातून होतो.

उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी केयू बँडच्या, म्हणजे साधारण १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या असतात. इतक्या उच्च वारंवारतेचा सिग्नल साध्या वायरीतून काही मीटरही धडपणे जात नाही. म्हणून छत्रीसमोरच्या दांडीवर एलएनबी नावाचा एक छोटा डबा बसवलेला असतो. छत्रीचे काम केवळ लहरी गोळा करून त्याच्या तोंडाशी आणून सोडण्याचे. एलएनबी त्या क्षीण सिग्नलला बळ देतो आणि त्याची वारंवारता ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणतो. हा खाली आणलेला सिग्नल काळ्या किंवा पांढऱ्या कोॲक्सियल वायरीतून बॉक्सकडे येतो. एलएनबीला लागणारी वीजही त्याच वायरीतून उलट दिशेने, बॉक्सकडून वर जाते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढील एका प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे.

नागपुरात छत्री कोणत्या दिशेला असावी?

सगळ्याच छत्र्या विषुववृत्तावरच्या आकाशाकडे, म्हणजे ढोबळमानाने दक्षिणेकडे तोंड करून असतात. परंतु कंपनीनुसार उपग्रह वेगळा, म्हणून दिशाही वेगळी. नागपूर सुमारे ७९ अंश पूर्व रेखांशावर आहे. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्वेला असल्याने त्यांची छत्री जवळपास थेट दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला कललेली असते आणि उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर असतो. डीटूएच ८८ अंशांवर, डीडी फ्री डिश ९३.५ अंशांवर आणि डिश टीव्ही ९५ अंशांवर आहे, त्यामुळे या छत्र्या त्याच क्रमाने आग्नेयेकडे सरकत जातात. एअरटेलचा उपग्रह १०८.२ अंशांवर आहे. त्याची छत्री बरीच पूर्वेकडे वळलेली असते आणि उपग्रहाची उंची सुमारे ४९ अंशांवर येते.

उपग्रह डोक्यावर इतका उंच असताना छत्री मात्र त्यामानाने बरीच उभी दिसते, याचे अनेकांना नवल वाटते. या छत्रीचा एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे तिची प्रत्यक्ष नजर दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंशांनी वर असते. म्हणून समोरची इमारत अडथळा आहे की नाही, हे छत्रीचा कल पाहून ठरवू नये. धरमपेठेसारख्या जुन्या, झाडीच्या वस्त्यांत अडचण इमारतीपेक्षा कडुलिंबाची होते. छत्री बसवली तेव्हा फांदी बाजूला होती आणि चार वर्षांत ती नेमकी आड आली, असा प्रकार सर्रास घडतो. ओली पाने सिग्नल जास्त अडवतात, त्यामुळे अशा घरात पाऊस थांबल्यावरही चित्र तुटत राहते.

सिग्नल सर्वांच्याच गच्चीवर पडतो, मग पैसे न भरणाऱ्याला तो दिसत का नाही?

कारण तो सांकेतिक भाषेत बांधलेला असतो. प्रत्येक सशुल्क वाहिनीचे चित्र ज्या किल्लीने उघडते, ती किल्ली काही सेकंदांनी बदलत राहते आणि नवी किल्ली चित्रासोबतच, पण तीही कुलूपबंद अवस्थेत, आकाशातून येत असते. ती उघडण्याचा अधिकार बॉक्समधील स्मार्ट कार्डाला, किंवा अलीकडच्या बॉक्समध्ये आतच बसवलेल्या चिपला असतो. ग्राहकाने कोणत्या वाहिन्या घेतल्या आहेत आणि कोणत्या तारखेपर्यंत, याची नोंद त्या कार्डात असते. ही नोंद बदलण्याचे आदेशही उपग्रहावरूनच येतात. ते एकाच वेळी सर्व बॉक्सवर पडतात, परंतु प्रत्येक आदेशावर ज्या कार्डासाठी तो आहे त्याचा क्रमांक असतो आणि इतर कार्डे त्याकडे दुर्लक्ष करतात.

रिचार्ज झाले, पैसेही कापले गेले, तरी वाहिन्या सुरू होत नाहीत. असे का?

वरील उत्तरात याचे कारण आहे. कंपनीच्या संगणकात खाते चालू झाले, तरी त्याचा आदेश कार्डापर्यंत पोहोचावा लागतो आणि तो पोहोचताना बॉक्स चालू असावा लागतो. अनेक जण आधी बॉक्स बंद करून मग मोबाइलवरून रिचार्ज करतात. आदेश आकाशातून येऊन जातो, पण घेणारा झोपलेला असतो. कंपनी हे आदेश काही काळ पुन्हा पुन्हा पाठवते, त्यामुळे बॉक्स चालू करून सशुल्क वाहिनीवर थोडा वेळ तसाच ठेवला की बहुधा काम होते. न झाल्यास कंपनीच्या ॲपमधून किंवा नोंदणीकृत मोबाइलवरून पुन्हा आदेश मागवता येतो. सीताबर्डीतील दुकानदारापासून ग्राहक सेवेतील मुलीपर्यंत सगळे ज्याला ‘हेवी रिफ्रेश’ म्हणतात, तो हाच. यासाठी मेकॅनिकला घरी बोलावण्याची गरज नसते आणि कोणी त्याचे पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

आपण कोणती वाहिनी पाहतो, हे कंपनीला कळते का?

साध्या बॉक्समधून नाही. छत्री केवळ घेते, पाठवत नाही. इंटरनेटला जोडलेल्या नव्या अँड्रॉइड बॉक्सची गोष्ट निराळी, कारण तेथे परतीची वाट उपलब्ध असते. टीआरपीचे आकडे यांपैकी कशातूनही येत नाहीत. त्यासाठी बार्क ही संस्था निवडक घरांत स्वतंत्र मीटर बसवते.

पावसात चित्र का जाते आणि त्यावर उपाय आहे का?

केयू बँडच्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. पावसाचे मोठे थेंब अशा लहरींची शक्ती शोषतात आणि विखुरतात. केबलचालकांच्या मोठ्या छत्र्या बहुधा सी बँडच्या असतात आणि त्या लहरी बऱ्याच लांब असल्याने पावसाला फारशा जुमानत नाहीत. म्हणूनच त्याच पावसात शेजारच्या केबलवर मालिका चालू राहते.

जूनमधील पहिल्या वादळी पावसात दहा-पंधरा मिनिटे चित्र जाणे हा बिघाड नव्हे. दाट ढगांचा पट्टा पुढे सरकला की ते आपोआप परत येते. परंतु रिमझिम पावसातही चित्र तुटत असेल, तर छत्रीचा कोन हललेला आहे असे समजावे. कोरड्या हवेत सिग्नल गरजेपेक्षा बराच जास्त असतो आणि ही शिल्लकच पावसात कामी येते. कोन थोडा चुकला की शिल्लक आधीच संपते, पण कोरड्या दिवसांत ते कोणाच्या लक्षात येत नाही. डिजिटल चित्र जुन्या ॲन्टेनाच्या चित्रासारखे हळूहळू मुंग्यांनी भरत नाही. ते शेवटपर्यंत स्वच्छ असते, मग चौकोनांत फुटते आणि एकदम नाहीसे होते. त्यामुळे ‘कालपर्यंत तर उत्तम दिसत होते’ या वाक्यावरून छत्री ठीक होती असे सिद्ध होत नाही. मृगाच्या आधी एकदा कोन तपासून घेणे, हे पावसात तक्रार नोंदवून दोन दिवस वाट पाहण्यापेक्षा शहाणपणाचे.

मार्च आणि ऑक्टोबरमध्ये निरभ्र आकाश असतानाही दिवसा काही मिनिटे चित्र जाते. हे काय?

त्या दिवसांत सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. सूर्य प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही फेकतो आणि छत्री उपग्रहाकडे पाहत असल्याने तो सगळा गोंगाट एलएनबीत शिरतो. नागपुरात हा प्रकार मार्चच्या विषुवदिनापूर्वी आणि सप्टेंबरच्या विषुवदिनानंतर, साधारण मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या आरंभी होतो. टाटा प्लेच्या छत्रीवर तो दुपारी बाराच्या आगेमागे येतो, तर एअरटेलच्या छत्रीवर सकाळी दहाच्या सुमारास. काही दिवस, रोज काही मिनिटे. काहीही करू नये.

काही वाहिन्या स्वच्छ दिसतात आणि काहींवर ‘नो सिग्नल’ येते. खाते तर चालू आहे. दोष कुठे शोधावा?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि बॉक्स विनाकारण बदलला जाण्याचे प्रमाणही येथेच सर्वाधिक असावे. आधी संदेश नीट वाचावा. ‘ही वाहिनी आपल्या पॅकमध्ये नाही’ अशा अर्थाचा संदेश असेल, तर गच्चीवर जाण्याचे कारण नाही, कारण सिग्नल येत आहे आणि परवानगी नाही. ‘नो सिग्नल’ असेल, तर परवानगीचा प्रश्न अजून आलेलाच नाही.

उपग्रहाकडून वाहिन्यांचे गठ्ठे दोन प्रकारच्या लहरींवर येतात, काही उभ्या आणि काही आडव्या. आपण वाहिनी बदलतो तेव्हा बॉक्स वायरीतून एलएनबीला उभ्यासाठी १३ व्होल्ट आणि आडव्यासाठी १८ व्होल्ट देऊन कोणत्या लहरी घ्यायच्या ते सांगतो. आता वायर खूप लांब असेल, मध्ये सांधे असतील किंवा टोकाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरले असेल, तर बॉक्सकडून निघालेले १८ व्होल्ट वर पोहोचेपर्यंत कमी होतात. एलएनबी समजतो की उभ्या लहरीच मागितल्या आहेत. परिणामी निम्म्या वाहिन्या उत्तम आणि निम्म्या गायब. बॉक्स बदलूनही हा दोष तसाच राहतो.

म्हणून एलएनबीखालचा कनेक्टर उघडून पाहण्यास सांगावे. चांगल्या वायरीचे मधले तांबे चकचकीत असते आणि त्याभोवतीचा फेस पांढराशुभ्र. तांबे हिरवट किंवा काळे पडले असेल, फेस पिवळसर होऊन ओलसर लागत असेल, तर अर्धा हात वायर कापून नवा कनेक्टर लावला की काम होते. कनेक्टरवरची रबरी टोपी मेकॅनिक घाईत खिशातच विसरतात. ती बसवून घ्यावी आणि वायरीला कनेक्टरच्या आधी खाली लोंबणारा एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच गळून जाते.

बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात. पहिली ‘स्ट्रेंथ’ म्हणजे वायरीतून एकूण काहीतरी येत आहे की नाही, आणि दुसरी ‘क्वालिटी’ म्हणजे त्यातून आपल्या उपग्रहाचे काही वाचता येते की नाही. पहिली भरलेली आणि दुसरी शून्य असेल, तर एलएनबी आणि वायर जिवंत आहेत, पण छत्री भलतीकडे पाहत आहे. दोन्ही शून्य असतील, तर वायर तुटलेली आहे, एलएनबी गेला आहे किंवा बॉक्स वर वीज पाठवत नाही. फोनवर तक्रार देताना या दोन पट्ट्यांचे आकडे सांगितले, तर येणारा माणूस योग्य ते सामान घेऊन येतो.

एकच वाहिनी गेली असेल आणि तिच्या शेजारच्या सगळ्या चालू असतील, तर दोष बहुधा आपल्या घरी नसतो.

उन्हाळ्याचा या यंत्रणेवर परिणाम होतो का?

छत्रीवर फारसा नाही, पण भोवतालच्या वस्तूंवर होतो. नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा वायरीचे हलके आवरण तडकते आणि त्या भेगांतून पुढच्या पावसाचे पाणी आत शिरते. दुसरा अस्सल वऱ्हाडी-नागपुरी घोटाळा कूलरचा. गॅलरीत जागा नाही म्हणून छत्रीचा पाइप कूलरच्याच लोखंडी स्टँडला बांधला जातो. कूलर चालू झाला की स्टँड थरथरतो, नटबोल्ट रोज किंचित सैल होतात आणि मे संपेपर्यंत छत्रीची नजर ढळते. वाळ्याच्या ताट्यांवरून उडणारे पाणी कनेक्टरवर पडते ते वेगळेच. छत्री भिंतीला किंवा गच्चीच्या कठड्यालाच बसवून घ्यावी. बॉक्सही टीव्हीमागच्या बंद कप्प्यात किंवा जाडजूड विणलेल्या रुमालाखाली ठेवू नये, कारण तो स्टँडबायवरही बराच तापतो.

बिल कसे तयार होते?

ट्रायने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०१७ मध्ये अधिसूचित केलेली दरपद्धत २०१९ च्या आरंभी प्रत्यक्षात आली आणि तेव्हापासून बिलाचे दोन भाग झाले. पहिला भाग म्हणजे नेटवर्क क्षमता शुल्क, ज्याला बिलावर एनसीएफ म्हणतात. ते सिग्नल घरापर्यंत आणण्याचे भाडे आहे. दुसरा भाग म्हणजे निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांची किंवा त्यांच्या समूहांची किंमत. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो.

एनसीएफची कमाल मर्यादा सुरुवातीला १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये होती, म्हणजे करासह १५३ रुपये ४० पैसे. २०२० च्या दुरुस्तीने त्याच रकमेत २०० वाहिन्या आल्या आणि दूरदर्शनच्या अनिवार्य वाहिन्या त्या मोजणीतून वगळल्या गेल्या. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादाच काढून टाकली. आता हे शुल्क कंपनी ठरवते, मात्र तिला ते जाहीर करावे लागते. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना केवळ पॅकचा दर न पाहता एनसीएफ धरून एकूण रक्कम पाहावी.

समूहात घेतलेली वाहिनी सुटी घेण्यापेक्षा स्वस्त दिसते, पण घरात प्रत्यक्ष पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्या मोजल्या तर चित्र अनेकदा उलटे निघते. दोन मराठी मनोरंजन वाहिन्या, एक क्रीडा वाहिनी आणि मोफत बातम्या एवढेच पाहणाऱ्या घराला भला मोठा पॅक घेण्याचे कारण नाही. समूहात घालायची असेल तर त्या वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, हा नियम सुट्या निवडीचा हिशेब करतानाही उपयोगी पडतो.

डीडी फ्री डिशला खरोखर महिन्याचे पैसे लागत नाहीत का?

लागत नाहीत. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. छत्री आणि बॉक्स यांचा खर्च एकदाच होतो. तेथे दिसणाऱ्या खासगी वाहिन्या प्रसार भारतीच्या लिलावात जागा विकत घेतात, म्हणजे पैसे प्रेक्षकाऐवजी वाहिनी भरते. त्यामुळे लिलावानंतर काही वाहिन्या येतात, काही जातात, आणि त्याची तक्रार बॉक्स विकणाऱ्याकडे करून उपयोग नाही. सह्याद्री आणि बातम्यांवर समाधान असणाऱ्या घरासाठी ही सेवा पुरेशी आहे. मराठी मालिकांचा रतीब हवा असेल तर नाही.

एका छत्रीवर दोन टीव्ही चालतात का?

चालतात, पण एका वायरीचे दोन फाटे करणारा साधा स्प्लिटर लावून नव्हे. एक बॉक्स १३ व्होल्ट मागेल तेव्हा दुसरा १८ मागत असेल आणि एलएनबी एकाचेच ऐकू शकतो. दोन तोंडांचा एलएनबी घेऊन प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र वायर द्यावी. एकाच बॉक्सचे चित्र दोन टीव्हींवर नेता येते, पण मग दोन्हीकडे एकच वाहिनी दिसते आणि रिमोटवरून भांडणे होतात.

कंपनी बदलली तर जुना बॉक्स वापरता येतो का?

व्यवहारात नाही. प्रत्येक कंपनीची कुलूपव्यवस्था वेगळी असल्याने एकाचे कार्ड दुसऱ्याच्या बॉक्समध्ये चालत नाही. बॉक्स सर्व कंपन्यांना सामाईक असावेत अशी शिफारस ट्रायने २०२० मध्ये केली होती, परंतु ग्राहकाच्या हातात तसा बॉक्स आलेला नाही. छत्री, पाइप आणि चांगली वायर मात्र बहुधा पुन्हा वापरता येते. दिशा तेवढी बदलावी लागते. नवी छत्री घेतलीच पाहिजे असा आग्रह झाला, तर कारण विचारावे.

नागपुरातच किंवा दुसऱ्या शहरात घर बदलल्यास काय करावे?

महालातून मनीषनगरला गेल्यास कोनात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, तरी छत्री नव्याने नेमकी लावावीच लागते. पुण्याला गेल्यास मात्र टाटा प्लेच्या छत्रीची दिशा सुमारे १६ अंशांनी आणखी पूर्वेकडे जाते आणि एलएनबीही स्वतःभोवती थोडा फिरवावा लागतो. खाते आणि बॉक्स तेच राहतात. घर काही महिने बंद राहणार असेल, तर सेवा तात्पुरती थांबवण्याची विनंती करता येते.

बॉक्समधून पेन ड्राइव्हवर घेतलेले रेकॉर्डिंग संगणकावर का चालत नाही?

ते त्याच बॉक्ससाठी कुलूपबंद करून साठवलेले असते. बॉक्स बदलला की जुनी रेकॉर्डिंगही गेली, असे समजावे.

विजा चमकत असताना बॉक्स बंद केला की पुरे का?

नाही. रिमोटने बंद केलेला बॉक्स स्टँडबायवर असतो आणि वीजपुरवठ्याला जोडलेलाच राहतो. प्लग काढावा, आणि वादळ सुरू होण्याआधीच मागची कोॲक्सियल वायरही सोडवून ठेवावी, कारण गच्चीवरील लोखंडी पाइपपासून थेट टीव्हीपर्यंत तीच एक धातूची वाट असते. डोक्यावर विजा कडाडू लागल्यावर त्या वायरीला हात लावू नये. छत्रीच्या पाइपला अर्थिंग देण्याची पद्धत आपल्याकडे जवळपास नाही. उंच इमारतीच्या गच्चीवर छत्र्यांची रांग असेल, तर सोसायटीने ते एकत्र करून घ्यावे, म्हणजे खर्च वाटला जातो.